डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस

देवबाग ज्यांनी पाहिले आहे त्यांस त्या गावाची ठेवण सांगावयास नको. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची अरुंद पट्टी. दक्षिणेस नदी समुद्रास मिळते तेथे जमीन संपते. पायी बाहेर पडावयाचे तर उत्तरेस तारकर्लीवरून मालवणास जाणारी वाट तेवढी आहे. रापण ओढावयास माणसे दोरास लागतात तेव्हा वाळूवर एक लांबच लांब ओळ होते. जवळ उभे राहून पाहणाऱ्यास त्या ओळीत म्हातारा कोण, पोर कोण, हे चेहऱ्यावरून कळते. दहा हजार फुटांवरून पाहणाऱ्यास ओळ कळेल, माणसे कळणार नाहीत. आणि त्याने वरून काही टाकले, तर ह्या लोकांनी पळावे कोठे?

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधू असे म्हणतात की, युद्ध म्हटले की माणसे मरावयाचीच. ती तलवारीने मेली काय आणि बाँबने मेली काय, भेद कोणता? ह्या प्रश्नाचा विचार करताना आपल्याच मराठी मुलखातील एका डॉक्टराचे चरित्र उपयोगी पडेल असे वाटते. ज्या देशावर असे बाँब पडत होते, तेथे तो आपण होऊन गेला आणि परत आला नाही.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म सोलापूर शहरी १० ऑक्टोबर १९१० रोजी झाला. हे आडनाव कोकणातले असल्यामुळे आपल्या किनाऱ्यावरील वाचकांस ते परके वाटणार नाही. घर मध्यम स्थितीचे व मुलाबाळांनी भरलेले होते. द्वारकानाथांनी मुंबईस शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात वैद्यकीचे शिक्षण घेतले व ते डॉक्टर झाले. पुढचा मार्ग सरळ होता: आणखी एखादी पदवी, मुंबईत किंवा सोलापुरात दवाखाना, लग्न, संसार.

परंतु १९३७ च्या जुलैत जपानने चीन देशावर मोठी स्वारी केली. चिनी सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साह्य मागितले, आणि काँग्रेसचे त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी १९३८ च्या जूनअखेर देशास तसे आवाहन केले. जुलैच्या ७ ते ९ तारखांस वर्गणी गोळा होऊन सुमारे २२,००० रुपये जमले. जे हात वर झाले त्यांतून पाच डॉक्टर निवडण्यात आले. प्रमुख डॉ. मदनमोहन अटल, नागपूरचे वयस्क डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी, आणि सत्तावीस वर्षांचे डॉ. कोटणीस. यांपैकी अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात जखमींची सेवा करून आलेले होते. त्याच स्पेनात २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका नावाचे बाजाराचे गाव विमानांनी जाळले होते. मुलगा अशा देशी जातो हे ऐकून घरच्यांस काय वाटले असेल, ते आईबापांनी आपल्या मनास विचारावे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून बोटीने निघाले व त्याच महिन्यात कँटन बंदरास पोहोचले. ते शहर त्यापूर्वी वर्षभर विमानांचे भक्ष्य झालेले होते; १९३८ च्या मे-जूनमध्ये तर तेथे दिवसामागून दिवस बाँब पडले. तेथून पथक हँको शहरी गेले. पण शत्रू पुढे सरकत होता. ऑक्टोबरात कँटन पडले व त्याच महिन्यात हँकोही पडले. जखमींबरोबर मागे सरत सरत पथक यांगत्से नदीच्या वरच्या अंगास, चुंगकिंग या डोंगरी शहरी आले. चिनी सरकारनेही आपली राजधानी तेथेच हलविली होती.

चुंगकिंगची कथा थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. त्या शहराभोवती जपानी पायदळ कधीच पोहोचले नाही. डोंगर व नदीच्या घळी आडव्या होत्या. म्हणून वाट धरली ती आकाशाची. १९३९ च्या जानेवारीत, धुके मध्येच विरळ होई तेव्हा, त्या शहरावर बाँब पडत. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या ३ व ४ तारखांस दाट वस्तीवर आग लावणारे बाँब टाकण्यात आले. लाकडाची व बांबूची घरे एकास एक लागून होती. दोन दिवसांत सुमारे ४,००० माणसे मेली. १९४३ पर्यंत त्या एका शहरावर दोनशेहून अधिक वेळा विमाने चालून आली. लोकांनी खडकांत भुयारे खोदली, आणि ५ जून १९४१ च्या रात्री एका मोठ्या भुयारात इतकी गर्दी दाटली की, एकही बाँब आत न पडता शेकडो माणसे कोंडून व चेंगरून मेली.

ह्या शहरी असतानाच कोटणीस यांस वडील वारल्याची बातमी कळली. घरी परतावे असे सोबत्यांस वाटले, आणि परतले असते तर त्यांस दोष देण्यास कोणास तोंड नव्हते. ते परतले नाहीत. हाती घेतलेले काम पुरे झाल्यावाचून जावयाचे नाही असा त्यांनी निश्चय केला. तो योग्य होता की नव्हता, हा न्याय करणे सोपे नाही. घरी विधवा आई होती. मला तो कठोर वाटतो, आणि तरीही खरा वाटतो.

चीन देशात गेल्यावर पाचांनाही चिनी नावे मिळाली, व प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस यांचे नाव के तिहुआ असे झाले. १९३९ च्या जानेवारीत पथक उत्तरेस येनान गावाकडे निघाले व फेब्रुवारीत तेथे पोहोचले. येनानवर १९३८ च्या नोव्हेंबरात बाँब पडून खोऱ्यातील जुने गाव ओस पडत चालले होते. लोक पिवळ्या मातीच्या टेकड्या कोरून त्यांत राहत. इस्पितळही अशाच गुहांत होते. ज्या विद्येने माणूस आकाशात उडाला, तिच्याच भयाने तो पुन्हा बिळात शिरला, हे त्या काळी पाहणाऱ्यांस लाजिरवाणे वाटले असले पाहिजे.

चोळकर व मुकर्जी १९३९ साली, अटल १९४० साली स्वदेशी परतले. कोटणीस व बसू आघाडीकडे, वूताई पर्वताच्या पलीकडे गेले. १९४० च्या शरदात तेथे मोठ्या लढाया झाल्या, तेव्हा कोटणीस यांच्याकडे ८०० हून अधिक जखमी आले, आणि एकदा ते बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करीत राहिले असे सांगतात. वेंगुर्ल्याच्या मिशन इस्पितळातील शस्त्रक्रियेची स्वच्छ खोली ज्यांनी पाहिली होती, त्यांनी तिच्याजागी खेड्यातील एक मातीचे घर मनात आणावे. औषधे अपुरी, कारण शत्रूने वाटा अडविलेल्या. आणि शत्रूची चाल आली म्हणजे सारे इस्पितळ जनावरांच्या पाठीवर घालून डोंगरात हलवावयाचे. १९४१ व १९४२ साली जपानी फौजेने त्या प्रांतात गावेच्या गावे जाळण्याचे धोरण धरले होते. विमान नव्हते तेथे काडेपेटीने काम भागविले, इतकाच फरक.

१९४१ च्या जानेवारीत कोटणीस यांस बेथून आंतरराष्ट्रीय शांती इस्पितळाचे पहिले प्रमुख नेमण्यात आले. नॉर्मन बेथून हे कानडा देशाचे शस्त्रवैद्य, एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे चिरंजीव. जखमीवर शस्त्रक्रिया करताना बोट कापून त्यांचे रक्त दूषित झाले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. त्यांची जागा सोलापूरच्या तरुणाने घेतली. तोपर्यंत तो चिनी भाषा इतकी शिकला होता की, विद्यार्थ्यांस तीतच शिकवी, आणि शस्त्रक्रियेवरचे पाठ्यपुस्तकही त्याने तीतच लिहावयास घेतले.

येथे वाचकांपासून काही झाकून ठेवणे बरे नव्हे. कोटणीस ख्रिस्ती नव्हते. १९४२ च्या जुलैत ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले, आणि त्या पक्षाच्या राज्यात पुढे चिनी मंडळ्यांनी काय सोसले ते आपणांस ठाऊक आहे. तसेच त्यांनी बरे केलेले पुष्कळ शिपाई पुन्हा बंदूक घेऊन लढावयास गेले. तेव्हा त्यांस साधू म्हणून पुढे करण्याचा हेतू नाही. परंतु यरीहोच्या वाटेवर पडलेल्या माणसाची गोष्ट सांगताना प्रभूने याजकास किंवा लेव्यास नव्हे, शोमरोन्यास पुढे केले, हे उपदेशक बंधूंनी अनेकदा शिकविले आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. नगरांवर बाँब टाकणारे दोन कारणे सांगत असत. एक, शहरात कारखाने असतात व मजूर शत्रूची शस्त्रे घडवितात. दुसरे, लोकांचे धैर्य खचले म्हणजे युद्ध लवकर आटोपते व पुढचे प्राण वाचतात. पहिल्यात थोडे तथ्य आहे. दुसऱ्याची परीक्षा चुंगकिंगने घेतली: पाच वर्षे बाँब पडूनही ते शहर शरण गेले नाही. लंडनही गेले नाही. पण समजा, धैर्य खचले असते. म्हणून ते कृत्य न्यायाचे ठरते काय? आपल्या आवारातील पालापाचोळा जाळताना ठिणगी उडून शेजाऱ्याच्या झावळ्या पेटल्या, तर तो निष्काळजीपणाचा दोष होय, आणि कधी मोठाही दोष होय. परंतु शेजाऱ्यास नमविण्यासाठी त्याच्या निजलेल्या मुलांसह त्याचे घर पेटविले, तर पंच त्यास निराळे नाव देतील. पुलावर नेम धरला व बाँब चुकला, हे पहिल्यासारखे. वस्तीवरच नेम धरला, हे दुसऱ्यासारखे. विमान किती उंचावर होते याने हा भेद पुसत नाही.

दोष केवळ जपानच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. १९३३ साली जिनीव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत विमानांतून बाँब टाकणे बंद करण्याची चर्चा चालली असता, दूरच्या प्रदेशांत बंदोबस्तासाठी ते चालू राहावे असा अपवाद इंग्रज सरकारने मागितला. आणि आपल्या वायव्य सरहद्दीवरील पठाणांची खेडी त्या अपवादाचा अर्थ जाणून होती. कँटनवरच्या बाँबांचा ज्या राष्ट्रांनी धिक्कार केला, त्यांनीच पुढे हँबर्ग जाळले. १९४५ च्या मार्चात एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लक्ष माणसे जाळली. आणि त्याच वर्षी ऑगस्टात हिरोशिमा व नागासाकी. युद्ध संपल्यावर न्युरेंबर्ग व टोकियो येथे न्यायासने बसली, तेव्हा शहरांवर बाँब टाकल्याबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही. आरोप करणाऱ्यांचे हात स्वच्छ असते तर कदाचित झाली असती.

आपल्याच पक्षास जाब विचारणारे थोडे निघाले. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ९ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडच्या लॉर्डांच्या सभेत उभे राहून, जर्मन शहरे सरसकट उद्ध्वस्त करणे कोणत्या न्यायाने चालले आहे, असा प्रश्न आपल्या सरकारास केला. हिटलरशी लढू नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. कारखाने व लष्करी ठाणी यांवरील हल्ल्यांसही त्यांचा विरोध नव्हता. युद्ध चालू असता, लोकांचे मुलगे विमानांत बसून जात असता, हे बोलणे सोपे नव्हते, आणि पुष्कळांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. योना नगराबाहेर बसून निनवेचा नाश होण्याची वाट पाहत होता, तेव्हा देवाने त्या शत्रूच्या नगरातील उजवाडावा न कळणारी लेकरे व गुरेढोरेदेखील मोजलेली होती. बेल यांनी निराळे काही केले नाही; त्यांनी लेकरे मोजली.

नागरिकांच्या संरक्षणाचा करार जिनीव्हा येथे १९४९ साली झाला, आणि वस्तीवर जाणूनबुजून हल्ला करण्याची स्पष्ट मनाई १९७७ साली त्यास जोडण्यात आली. कोटणीस यांच्या काळी त्यांपैकी काहीच नव्हते.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी गुओ चिंगलान या परिचर्या शिकविणाऱ्या बाईंशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ ठेविले, म्हणजे हिंदुस्थान व चीन. परंतु कोटणीस यांची प्रकृती तोपर्यंत ढासळली होती. फेफऱ्याचे झटके येत, आणि विश्रांतीचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, होपे प्रांतातील गेकुंग नावाच्या खेड्यात ते वारले. अकरा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, जपानी विमानांनी त्यांच्या स्वतःच्या देशातील कलकत्ता शहरावर पहिल्यांदा बाँब टाकले.

पुस्तक अपुरे राहिले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या चरित्रावर बोलपट काढला, तेव्हा पुष्कळांस त्यांचे नाव प्रथम कळले. मुलगा यिनहुआ बापाप्रमाणे वैद्यकी शिकत असता १९६७ साली ऐन तारुण्यात वारला. गुओ चिंगलान सासरच्या माणसांस भेटावयास अनेक वेळा हिंदुस्थानात आल्या. त्या २०१२ साली वारल्या. उत्तर चीनमधील शिच्याच्वांग शहरी हुतात्म्यांचे एक उद्यान आहे. तेथे बेथून व कोटणीस या दोघांच्या समाध्या आहेत, आणि वसंतात चिनी लोकांचा पितरांचा सण येतो तेव्हा शाळेची मुले दोन्हींवर फुले ठेवतात.