खडकवासल्याची आपोआप उघडणारी दारे

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हटले की कृष्णराजसागर धरण, म्हैसूरची दिवाणगिरी आणि १९५५ सालचे भारतरत्न आठवते. पण हे थोर अभियंते आधी बी. ए. झाले होते, हे वाचून मला फार बरे वाटले! १८६१ साली मुद्देनहळ्ळी या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. बंगळूरला शिकवण्या करीत ते शिकले व १८८१ मध्ये बी. ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारच्या मदतीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून १८८३ च्या परीक्षेत पहिले आले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले.

मला सांगायचे आहे ते त्यांच्या पुण्याकडील कामाविषयी. मुठा नदीवरील खडकवासला तलावातून पुण्याला पिण्याचे आणि कालव्यांना शेतीचे पाणी जाई. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी वाया जाई, उन्हाळ्यात तेच कमी पडे. सांडवा कायमचा उंच करावा, तर पुरात धरणाला धोका. पूर केव्हा व किती येईल ते आधी कळत नाही, आणि रात्री-अपरात्री दार उघडायला माणूस वेळेवर पोचेलच असेही नाही. तेव्हा विश्वेश्वरय्यांनी हे काम पाण्यावरच सोपवले. १९०३ मध्ये सांडव्यावर वजनांनी तोललेली दारे बसली. ती सुमारे ८ फूट जादा पाणी अडवून धरीत. पातळी खुणेच्या वर गेली की तोल ढळून दारे आपोआप उघडत. पूर ओसरला की आपोआप मिटत. झालेला परिणाम पाहून पुढची कृती बदलणे, याला शास्त्रज्ञ फीडबॅक म्हणतात. इथे तो पाण्याच्या पातळीनेच दिला!

कालव्याच्या पाण्यासाठी त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, पिके आलटून पालटून घ्यायची व ठरल्या पाळीने पाणी द्यायचे. हे काम मात्र दारांपेक्षा अवघड, असे मला वाटते. आमचे शेत एका कालव्याच्या टेलला आहे. पाळी आमची असली तरी वरची फाटकी उघडीच राहतात आणि दादा रात्रभर पाटावर बसून राहतात. खडकवासल्याच्या दारांना ओळखदेख कळत नव्हती, माणसांना कळते.

१९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले, तेव्हा पुराच्या बंदोबस्ताची योजना आखायला निजाम सरकारने त्यांनाच बोलावले. नदीच्या वरच्या अंगाला मोठे तलाव बांधून पूर तिथेच थोपवावा, असे त्यांनी सुचवले. उस्मानसागर व हिमायतसागर त्यातून झाले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. खालच्या खडकवासल्यावर इतके पाणी एकदम आले की तेही फुटले आणि पुणे बुडाले. सांडवा पावसाचा पूर सोडण्यापुरता असतो, वरचे अख्खे धरण रिते झाल्यावर त्याने काय करावे? विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, वय शंभरीला टेकलेले. पुढच्या वर्षी, १९६२ च्या एप्रिलमध्ये, ते बंगळूरला वारले.