स्मृतिदिन विशेष : सार्डिनियाच्या स्वायत्ततेसाठी झटलेले एमिलिओ लुस्सू

गाझियाबाद, 5 मार्च : भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटाच्या स्वशासनासाठी प्रादेशिक पक्ष उभारणारे इटलीचे वकील व लेखक एमिलिओ लुस्सू यांचा आज स्मृतिदिन.

आर्मुंजा या डोंगराळ गावी 4 डिसेंबर 1890 रोजी जन्मलेल्या लुस्सू यांनी कायद्याची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात ते सासारी ब्रिगेडमध्ये अधिकारी होते. या ब्रिगेडमध्ये बेटावरील शेतकरी व मेंढपाळांचा मोठा भरणा होता. खंदकांत जुळलेले हे नातेच त्यांच्या राजकारणाचा पाया ठरले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या बळावर 1921 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह सार्डिनियन कृती पक्ष स्थापन केला. इटलीपासून फुटून निघणे नव्हे, तर संघराज्यात स्वशासन मिळवणे हे त्यांचे ध्येय होते.

1926 मध्ये फॅसिस्ट जमावाने कालियारी येथील त्यांच्या घरावर हल्ला केला. बाल्कनीवर चढणारा एक हल्लेखोर त्यांच्या गोळीने ठार झाला. न्यायालयाने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करून त्यांना निर्दोष ठरवले. तरीही राजवटीने त्यांना लिपारी बेटावर स्थानबद्ध केले. 1929 मध्ये तेथून मोटारबोटीने निसटून त्यांनी पॅरिस गाठले व कार्लो रोसेली यांच्यासह फॅसिस्टविरोधी चळवळ उभी केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ते मंत्री व घटना समितीचे सदस्य झाले. 1948 मध्ये सार्डिनियाला विशेष स्वायत्तता मिळाली. मात्र त्यांना अपेक्षित असलेले संघराज्य आकाराला आले नाही. त्याच वर्षी मतभेदांमुळे ते स्वतःच्याच पक्षातून बाहेर पडले. 1975 मध्ये रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी स्थापन केलेला पक्ष आजही बेटावर कार्यरत आहे.