खासगीची चावी

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या मीटिंगला एक जण आली ती गट सोडते म्हणूनच. सात वर्षं तिने महिन्याचा हप्ता चुकवला नव्हता. घरच्यांनी सगळे पैसे काढून आण म्हणून सांगितलं होतं. कशाला लागतात, असं विचारलं तर तिलाच ठाऊक नव्हतं. त्या रात्री मला राहून राहून अहिल्याबाई होळकर आठवत होत्या.

आपण बीडच्या बायका त्यांना जवळच्या मानतो. त्यांचं माहेर चौंडी, आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातलं. परळीच्या वैजनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धारही त्यांनीच केला. पण हातात पिंड घेतलेल्या पुण्यवान बाई एवढीच त्यांची ओळख आपल्याला असते. त्या हिशेबाला किती पक्क्या होत्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

३१ मे १७२५ चा त्यांचा जन्म. वडील माणकोजी शिंदे. लहानपणीच लग्न होऊन त्या होळकरांच्या घरी आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, पण सासरे मल्हाररावांनी त्यांना थांबवलं आणि पुढे कारभारात घातलं. स्वतः मोहिमेवर असताना तोफा, दारूगोळा, रसद धाडण्याची कामं ते सुनेला सांगत. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेरावही गेला. घरात कर्ता पुरुष नाही म्हटल्यावर राघोबादादा फौज घेऊन निघाले. डोळा होता तो होळकरांच्या दौलतीवर. अहिल्याबाईंनी लढायची तयारी केली आणि निरोप धाडला की बाईकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. दादांनी माघार घेतली.

आता खरी गोष्ट ऐका. होळकरांकडे दोन तिजोऱ्या होत्या. एक दौलतीची, म्हणजे राज्याची. दुसरी खासगी, घरच्या बाईची. ही खासगी जहागीर १७३४ मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिली होती. सासूची खासगी पुढे सुनेकडे आली. काशी विश्वनाथ, सोमनाथ, गया इथली देवळं, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा हे सगळं दानधर्माचं काम या खासगीतून झालं. राज्याच्या पैशाला त्यासाठी हात लावला नाही. सेनापती तुकोजी होळकर मोहिमेवरून सारखे पैसे मागत. बाई आधी मागच्या रकमेचा हिशेब मागत. त्यावरून दोघांत कुरबुरीही खूप झाल्या, पण बाईंनी हिशेब मागायचं काही सोडलं नाही.

आणि नुसतं साठवलं नाही, वाढवलं. महेश्वरला विणकर आणून वसवले. तिथली महेश्वरी साडी आपण आजही हौसेने घेतो. डोंगरवाटांवरून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा ठरलेला कर मान्य केला आणि बदल्यात वाटा सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. वाटा सुरक्षित, तर व्यापार वाढतो. विधवेच्या संपत्तीवर सरकारी हक्क सांगितला नाही, तिला दत्तक घ्यायची मोकळीक दिली. जवळजवळ २८ वर्षं त्या असं धीराने करत राहिल्या.

एवढ्या व्यापात स्वतःसाठी वेळ कुठून आणत असतील? त्यांचा दिवस ठरलेला होता. पहाटे उठून पूजा, पोथीश्रवण, दानधर्म, मग जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो संध्याकाळी सहापर्यंत. पुन्हा पूजा, हलका आहार. रात्री नऊपासून अकरापर्यंत परत कामकाज. कामही रोज आणि देवाची वेळही रोज.

पैशाने सगळं साधत नाही, हेही त्यांनी सोसलं. नातू गेला, १७९१ मध्ये जावई गेले. एकुलती लेक मुक्ताबाई सती जायला निघाली, तेव्हा आईने परोपरीने विनवलं, पण ती थांबली नाही. पुढची चार वर्षं, १३ ऑगस्ट १७९५ ला प्राण जाईपर्यंत, त्या कारभार बघतच होत्या.

मी स्वतः बारा वर्षं गटाचं काम करते. दुसऱ्यांची पासबुकं तपासते, पण माझे भाजीतून वाचवलेले पैसे कधी कशात गेले, याचा हिशेब माझ्याकडे नाही. आणि मीटिंगांच्या धावपळीत आईजवळ निवांत बसायचं राहिलं ते कायमचंच. खासगी तर नाहीच, वेळेचंही दप्तर नाही.

त्या बाईला मी एवढंच म्हटलं, पैसे तुझेच आहेत, जरूर काढ. पण आधी घरी विचार, कशाला आणि किती. तिने विचारलं. मुलाच्या फीला काही हजार लागत होते. तेवढेच काढले, बाकीचे गटातच आहेत.

तुमच्या घरात तुमची खासगी कोणती, आणि तिची चावी कुणाकडे आहे? एकदा बघा बरं.