डॉक्टर हान्स बर्गर

भूल दिलेला रोगी खरोखर बेशुद्ध आहे कीं नाहीं, हें ओळखण्याचें एक साधन ज्यांच्या शोधांतून निघालें, त्या हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजीं जर्मनींत कोबुर्ग शहराजवळ झाला. तरुणपणीं लष्करांत असतां ते घोड्यावरून तोफगाड्यापुढें पडले व थोडक्यांत वांचले. त्याच दिवशीं दूर घरीं बहिणीस भावावर संकट आल्याचें भासलें व वडिलांची तार आली. तेव्हांपासून मन आणि मेंदू यांच्या संबंधाचा त्यांना ध्यास लागला. पुढें ते येना येथें मनोविकारांचे वैद्य झाले.

मेंदूंतील विजेचे सूक्ष्म तरंग त्यांनीं मनुष्याच्या मस्तकावरून १९२४ सालीं प्रथम टिपले. यंत्राचाच दोष नसेल ना, ह्या शंकेनें पांच वर्षें पडताळा घेऊन १९२९ सालीं त्यांनीं लेख छापला. पुष्कळांस तो खरा वाटला नाहीं. १९३४ सालीं केंब्रिजच्या एड्रियन यांनीं तेच तरंग दाखविले. १९४१ सालीं बर्गर वारले.

१९४२ पासून शस्त्रक्रियेंत स्नायू शिथिल करणारें औषध वापरांत आलें. अशा वेळीं भूल अपुरी पडली, तर रोगी जागा असूनही बोट हलवूं शकत नाहीं. गाढ भुलींत मेंदूचे तरंग संथ होतात. कपाळावरील पट्टीवाटे यंत्र ते वाचून ० ते १०० पर्यंतचा आंकडा दाखवितें; ४० ते ६० योग्य मानतात. तथापि यंत्रही चुकतें. म्हणून जळगांव-धुळ्यास कोणी आप्त शस्त्रक्रियेस गेल्यास, पूर्वीं भूल अपुरी पडली असल्याचें डॉक्टरांस आधींच सांगावें.