मलिक अंबर : गुलाम म्हणून विकला गेला, मराठवाड्याला पाण्याची तयारी शिकवून गेला

एप्रिल २०१६. लातूरला प्यायला पाणी नव्हतं, म्हणून मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. तिकडे अर्धापूरच्या केळीबागांचा जीव इसापूर धरणाच्या कालव्यात अडकलेला. मराठवाड्यात पाऊस कधी दगा देईल याचा नेम नाही.

याच मराठवाड्यात ४०० वर्षांपूर्वी एका माणसाने अख्ख्या शहराच्या पाण्याची सोय लावली होती. तो म्हणजे मलिक अंबर.

गुलाम ते वजीर

जन्म साधारण १५४८ चा, इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या एका व्यापाऱ्याने त्याला शिकवलं, त्याने इस्लाम स्वीकारला आणि तो अंबर झाला. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीत आला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला, तेव्हा बुडती निजामशाही त्यानेच सावरली. मुघलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणलं.

नहर काय होती?

१६१० मध्ये त्याने खडकी वसवलं, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. शेजारची खाम नदी काही बारमाही नाही. मग पाणी आणायचं कुठून?

अंबरने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याला मुरलेलं पाणी गाठलं. जमिनीखालून बांधीव नळ काढले, फक्त उताराच्या जोरावर पाणी शहरात आणलं. साफसफाईसाठी मध्ये मध्ये मनुष्यखिडक्या ठेवल्या. हीच नहर-ए-अंबरी. यातलं मर्म साधं आहे : पाऊस लांबला तरी जमिनीत मुरलेलं पाणी लगेच आटत नाही.

दुआ आणि तयारी

दुष्काळात मुस्लिम समाज ईदगाहवर जमून पावसासाठी विशेष नमाज अदा करतो. पण दुआ केली म्हणजे माणसाची जबाबदारी संपते, असं इस्लाम मानत नाही. पैगंबरांची एक प्रसिद्ध शिकवण आहे : आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा. शिवाय लोकांसाठी पाण्याची सोय करणं हा दानाचा मोठा प्रकार मानला जातो. करणारा गेला तरी त्याचं पुण्य चालू राहतं.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. चारच वर्षांनी, १६३० मध्ये दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. निजामशाहीही १६३६ मध्ये संपली. नहर मात्र पुढची कित्येक पिढ्या शहराला पाणी पाजत राहिली.