न दिसणारी ओढ मोजणारे पुण्याचे केरूनाना छत्रे

पुणे : लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून केरो लक्ष्मण छत्रे यांचं नाव घेतलं जातं. पण केरूनानांचं काम तेवढंच नव्हतं. विज्ञान मराठीतून शिकता येतं, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच करून दाखवलं.

१६ मे १८२५ रोजी अलिबागजवळच्या नागावात त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले. चुलते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी मुंबईत नेऊन शिकवलं. मिसरूड फुटायच्या वयातच हा पोरगा कुलाबा वेधशाळेत नोकरीला लागला.

तिथं हवामानाबरोबर चुंबकसूचीच्या नोंदी होत. सूचीला कुणी हात लावत नाही, दोरी बांधत नाही, तरी ती उत्तरेकडं वळते. कारण तिच्याभोवती पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र असतं. त्याच काळात लंडनमध्ये मायकेल फॅरेडे क्षेत्राची ही कल्पना मांडत होते.

विजेचंही तसंच. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे लांबूनच ओढतो, ते विद्युतक्षेत्र. आणि पाटाचं पाणी उंचाकडून सखलाकडं जातं, तसा तारेतला प्रवाह जास्त विभवाकडून कमी विभवाकडं जातो. हा फरक म्हणजेच व्होल्टेज. तो कमी पडला की विहिरीवरची मोटार नुसती घुरघुरते.

कुलाब्याची नोकरी सोडून केरूनाना पुण्यात आले. मराठी शाळांचे मास्तर तयार करण्याच्या कामात पडले. काही काळ नगरच्या शाळेतही होते. अंकगणित आणि पदार्थविज्ञानावर त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली. पुढं डेक्कन कॉलेजात गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवलं. टिळक त्यांना तिथंच भेटले.

जुन्या पंचांगातलं गणित आकाशाशी जुळेना, तेव्हा त्यांनी ग्रहांची नवी कोष्टकं केली. त्यावरून १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघालं. लोकांनी ते पटकन स्वीकारलं नाही, वाद झाले. पण डोळ्यांना दिसतं त्याच्याशी हिशेब जुळलाच पाहिजे, यावर नाना ठाम राहिले. सूर्यावरचे डाग आणि हवामान यांचा काही संबंध आहे का, याचाही त्यांनी अभ्यास केला.

१९ मार्च १८८४ रोजी ते गेले.

आज तालुक्याच्या कॉलेजात अकरावीचं पोरगं विभव आणि क्षेत्र या शब्दांपाशी अडतं, इंग्रजीला घाबरून सायन्स सोडतं. अशा पोराला आधी कंगवा आणि पाट दाखवावा, सूत्र मागून येतं. केरूनानांनी मराठीची वाट केव्हाच पाडून ठेवलीय, तिच्यावरून चालायचं तेवढं बाकी आहे.