आगरकर व आजचीं वर्तमानपत्रें

ज्या मालाची पारख करणें गिऱ्हाईक सोडून देतें, त्या मालांत भेसळ शिरावयास वेळ लागत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. वर्तमानपत्र हाहि एक मालच आहे, आणि सांप्रत त्यांत दोन प्रकारची भेसळ राजरोस चालू आहे. शहानिशा न केलेला मजकूर बातमी म्हणून छापणें ही पहिली. आणि मालकाची किंवा जाहिरातदाराची मर्जी संपादकाचें मत म्हणून पुढें करणें ही दुसरी. या दोहोंचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस गोपाळ गणेश आगरकर यांचें चरित्र आठवतें. कारण पहिल्या बाबतींत ते स्वतः चुकले व त्याची किंमत त्यांनीं तुरुंगांत दिली. दुसऱ्या बाबतींत ते चुकले नाहींत, आणि त्याची किंमत त्यांस मरेपर्यंत द्यावी लागली.

आगरकरांचा जन्म १८५६ च्या जुलै महिन्यांत कऱ्हाडजवळील टेंभू या गांवीं झाला. घरची स्थिति अत्यंत गरिबीची. विद्येसाठीं कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करीत ते मॅट्रिक झाले, आणि पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून एम. ए. झाले. तेथेंच बाळ गंगाधर टिळकांशीं त्यांचा स्नेह जडला. मोठ्या पगाराच्या नोकरीची वाट मोकळी असतां तिकडे पाठ फिरवून त्यांनीं न्यू इंग्लिश स्कूलचें काम पत्करलें, आणि जानेवारी १८८१ मध्यें निघालेल्या केसरीचे ते पहिले संपादक झाले.

वर्ष उलटतें न उलटतें तोंच कोल्हापूर प्रकरण उपस्थित झालें. तेथील तरुण महाराज चौथे शिवाजी यांस वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी सर्वत्र बोलवा होती. दिवाण माधवराव बर्वे यांच्या हातचीं म्हणून कांहीं पत्रें पुढें आलीं, व त्यांच्या आधारें केसरी आणि मराठा यांनीं दिवाणांवर कडक टीका केली. बर्वे यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद लावली. तेव्हां तीं पत्रें बनावट ठरलीं. माफी मागितली, पण शिक्षा टळली नाहीं. जुलै १८८२ मध्यें आगरकर व टिळक यांस चार महिन्यांची साधी कैद झाली, आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. सुटकेच्या वेळीं लोकांनीं त्यांचा मोठा सत्कार केला. तो सत्कार त्यांच्या शुद्ध हेतूचा होता, आणि तो योग्यच होता. परंतु हेतु शुद्ध असला म्हणून खोटा कागद खरा होत नाहीं. उलट, खोट्या कागदानें खऱ्या कैवाराचीच बाजू लंगडी पडते. आगरकरांसारख्या विद्वानासहि जी चूक भोंवली, तीच चूक आज हातांतल्या फोनवर आलेलें पत्र किंवा चित्र पाहून घटकाभरांत छापणारे आमचे व्यवसायबंधु रोज करीत आहेत. फरक इतकाच कीं, त्यांतील बहुतेकांस ना माफी मागावी लागत, ना तुरुंग पाहावा लागत.

आतां दुसरी बाब. बालविवाह, विधवांची दुर्दशा, स्त्रीशिक्षण या विषयांवर आगरकरांचीं मतें सहकाऱ्यांस मानवेनात. मतें झांकून संपादकाची खुर्ची राखणें त्यांस सहज शक्य होतें. तसें न करतां १८८७ सालीं त्यांनीं केसरी सोडला, आणि पुढील वर्षीं सुधारक काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. सनातनी मंडळी इतकी चवताळली कीं, त्यांनीं आगरकरांच्या जिवंतपणींच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्यानें शरीर पोंखरलेलें, तरीहि लेखणी थांबली नाहीं. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. १७ जून १८९५ रोजीं, वयाचीं एकुणचाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांचें निधन झालें. इतका कडवा वाद झाला असतांहि टिळकांनीं केसरींत मृत्युलेख लिहून देशी वर्तमानपत्रांची योग्यता वाढविण्याचें मोठें श्रेय त्यांस दिलें.

केसरीच्या चालकांनीं आपलें धोरण राखलें, यांत आम्ही दोष पाहत नाहीं. तो त्यांचा हक्क होता. महत्त्वाची गोष्ट ही कीं, वाचकाची फसवणूक कोणीहि केली नाहीं. केसरी घेणारास व सुधारक घेणारास आपण कोणाचें मत वाचतों हें पक्कें ठाऊक होतें. २००९ च्या निवडणुकांनंतर, उमेदवारांकडून पैसे घेऊन त्यांची स्तुति बातमी म्हणून छापल्याच्या तक्रारींची चौकशी प्रेस कौन्सिलला करावी लागली, आणि त्या चौकशीचा संपूर्ण अहवाल प्रथम बाहेरहि आला नाहीं. उघड वैर पत्करणाऱ्या पिढीपासून आपण कोठें येऊन पोंचलों, हें यावरून दिसतें.

हुंडी सकारण्यापूर्वीं आमचे वाचक तीवरील सही पाहतात. बातमीलाहि तोच नियम लावावा, आणि ही बातमी कोणी दिली व ती कोणीं तपासली, हें आम्हांसहि बेधडक विचारावें. व्यापाऱ्यांस आमचें आणखी एक मागणें आहे. जाहिरात अवश्य द्यावी. पण तिच्या मोलांत संपादकाचें मौन विकत घेऊं नये. आगरकरांचे पुतळे उभारण्यापेक्षां एवढें झालें, तरी त्यांचें ऋण थोडें फिटेल.